पाचर

फोडायची कुऱ्हाड धारदार नको. धार लाकडात रुतून बसते. जाड गालांची, बोथट, वजनदार हवी. तिने ओंडका कापायचा नसतो, फाकवायचा असतो.

वाळुंजाच्या टोपल्या चांगल्या होतात. दांडा, खुंटी, पाचर यांसाठी ते लाकूड कुणी घेत नाही. मऊ असतं, आठवड्यात दबतं. सुतारकाम न शिकलेल्यालाही हे ठाऊक असतं.

मेलेल्यांच्या नावाने दर शुक्रवारी सात पोळ्या तळायच्या. खायला मात्र जिवंत माणूस लागतं.

सुतार झेनुल्लाच्या घरातलं घड्याळ मागच्या हिवाळ्यात बंद पडलं. त्याला ते वसंतात कळलं.

विधवेच्या कुंपणाला पुरुषाचा घोडा बांधलेला दिसला तर गावाला कारण लागतं. सरपण हे कारण चालतं.

गुरुवारी दुपारी राबिगाने पक्कड हातात घेतली. कुऱ्हाड चुलीपाशी आडवी होती. दांड्याच्या टोकात ठोकलेली पाचर तिने पकडीत धरली आणि ओढली. आली. दर वेळी तिला नवल वाटायचं, एकसष्टाव्या वर्षी आपल्या मनगटात एवढा जोर कुठून येतो. पाचर तिने चुलीत टाकली. कुऱ्हाड हलवून पाहिली. पातं दांड्यावर खुळखुळलं.

म्हणजे उद्याचं ठरलं. झेनुल्ला घोडा कुंपणाला बांधणार आणि रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात विचारणार, "वहिनी, कुऱ्हाड काय म्हणते?"

"पुन्हा मान टाकली तिने, भावजी."

"थंडीच तशी. लाकूड आक्रसतं."

मग तो नवी पाचर ठोकणार. आठवड्याचं सरपण फोडणार, हात धुणार, बसणार. दूध घातलेल्या चहाच्या पाच वाट्या, चार पोळ्या. घोड्याच्या गुडघ्यांची तक्रार. बस, एवढंच. नंतर पुढचे सहा दिवस राबिगा कुणाशीही बोलायची नाही. तशी गाय होती, पण ती ऐकून घ्यायची नाही.

त्याच गुरुवारी संध्याकाळी शहरातून येणाऱ्या गाडीने एक लांबट खोका आणला. त्यात मुलाने, एर्सायिनने पाठवलेली कुऱ्हाड होती. भगवा दांडा. फोनवर तो खुशीत होता. अस्ताना शहरात तो अकराव्या मजल्यावर राहतो. तिथे ऊब नळातून येते.

"आई, दांडा लाकडाचा नाही हं. पात्यात ओतूनच बसवलाय. पाचर नाही, काही नाही. जन्मात ढिली व्हायची नाही."

"बरं."

"आता दर आठवड्याला त्या म्हाताऱ्याची मनधरणी नको."

"बरं," ती म्हणाली. फोन बंद झाल्यावरही तिने तो कानाला धरून ठेवला.

कुऱ्हाड लपवता आली असती. पण गाडीच्या ड्रायव्हरने ती वाटेतल्या प्रत्येक घराला दाखवली होती. राबिगाने ती दारापाशी टेकवली. सकाळी उठून सात पोळ्या तळल्या.

झेनुल्ला आला. घोडा बांधला. नेहमीचा प्रश्न त्याने विचारला नाही.

"एर्सायिनने धाडली म्हणे."

"हो."

त्याने लार्चचा गाठीगाठींचा ओंडका उभा केला. एक घाव घातला. ओंडक्याची दोन शकलं झाली. त्याने पातं हलवून पाहिलं, मग दांडा दोन्ही हातांनी पिळला. हललं नाही.

"चांगली आहे. हिला सुतार लागत नाही. उद्या मलाच हिच्याकडे कामाला राहावं लागेल."

ती हसली नाही. तोही हसला नाही.

आत तो बसला नाही. पोळी न मोडता उंबरा ओलांडायचा नसतो, म्हणून त्याने उभ्यानेच एक घास मोडला. चहाची एक वाटी घेतली. नको, या अर्थाने ती आडवी करून ठेवली. टोपी घातली. थाळीत सहा पोळ्या आणि एक मोडलेली.

"भावजी."

"काय?"

"ती मला जड पडते."

त्याने दाराकडे पाहिलं. "जुनीपेक्षा किलोभर हलकी आहे, वहिनी."

"जड पडते म्हटलं ना."

बाहेर घोड्याने खूर आपटला. झेनुल्लाने टोपी काढली, गुडघ्यावर झटकली आणि खुंटीला लावली.

"मग जुनी आणा."

ती चुलीपाशी गेली. कुऱ्हाड उचलताना तिच्या लक्षात आलं, ही ढिली आहे हे आज आपण बोललोच नाही. आता पातं खुळखुळेल, तो विचारेल, आणि काय सांगायचं ते तिने ठरवलेलं नव्हतं. तिने ती तशीच त्याच्या हातात दिली. पातं खुळखुळलं.

त्याने कोटाच्या खिशात हात घातला. पाचर घरून तासूनच आणली होती. पांढरी, ताजी, नेमक्या मापाची. दांड्याच्या चिरेत ठेवून त्याने तीन ठोके मारले. मग बाहेर जाऊन आठवड्याचं सरपण फोडलं, हात धुतले, आत येऊन बसला आणि आडवी वाटी सरळ केली.

राबिगाने चहा ओतला. "घोड्याचे गुडघे काय म्हणतात?"

"काय म्हणणार. माझ्यासारखेच," तो म्हणाला आणि दुसरी पोळी मोडली.

राबिगाच्या कुऱ्हाडीला झेनुल्लाने पहिली पाचर ठोकली, त्याला दोन हिवाळे झाले. तिच्या नवऱ्याचं वर्षाचं जेवण आटोपून पाहुणे पांगले होते, त्या दिवशी. तीही वाळुंजाचीच होती.