पाटीच्या अलीकडे

चिंचणीच्या किनाऱ्यावर दमयंतीबाईंनी मुलांचं उन्हाळी शिबिर भरवलं होतं. सुरूच्या झाडांपलीकडे कुणी जायचं नाही, हा त्यांचा नियम. तपासणीला आलेल्या साहेबांना तो पटला नाही. धोक्याची पाटी पाण्याच्या काठालाच हवी, असा सरकारचा हुकूम होता. ओहोटीने समुद्र लांब गेलेला. साहेबांनी तिथवर जीप नेली आणि वाळूत लाल पाटी ठोकली.

"पाटीच्या अलीकडे धोका नाही. पोरांना खुशाल खेळू द्या."

"साहेब, भरतीला पाणी पार वर येतं."

"बाई, नियम शिकलेल्या माणसांनी केलेत."

या माणसाने समुद्र नकाशातच पाहिला असावा, असं बाईंच्या मनात आलं. त्यांनी मुलांना सुरूखालीच ठेवलं. जीप तिथेच पाटीपाशी सोडून साहेबांनी शिबिरात पापलेटच्या कालवणावर ताव मारला आणि ते तंबूत घोरत पडले.

उठून बाहेर आले, तर समुद्र सुरूंना टेकलेला. पाटीचा पत्ता नव्हता. पाण्यावर जीपचा टप तेवढा दिसत होता.

"अहो बाई, माझी जीप..."



"घाबरू नका साहेब," बाई म्हणाल्या, "पाटीच्या अलीकडेच आहे."