अनारशांचं वाण

नदीकाठच्या सरहद्दीवरचं हुंगणारं फाटक लाल झालं आणि द्वारकाबाईंच्या तोंडावर बंद झालं. पलीकडच्या देशाच्या गणवेशातला त्यांचा जावई निरंजन तरातरा बाहेर आला.

"सासूबाई, डब्यात काय आहे?"

"अधिक महिन्याचं वाण. तुमच्यासाठीच केलेत अनारसे."

"खसखस लावून! म्हणजे अफूच. तुमच्याकडून अफू येते, चोरून माणसं येतात, म्हणून तर हे फाटक बसवलं. कणभर वास आला तरी वर्षभर प्रवेश बंद. ते कुणाचंच ऐकत नाही."

"हीच नदी होडीने ओलांडून आमच्या शैलाला मागणी घालायला आला होतात. तेव्हा याच अनारशांचा अख्खा डबा संपवलात."

"तेव्हा सरहद्द नव्हती."

"लेकीला लांबून तरी बघू द्या."

"नाही!" त्याने डबा हिसकावला. झाकण उडालं, अनारसे सांडले, खसखस त्याच्या घामेजल्या तळव्यांना चिकटली. तो तणतणत परत वळला.

फाटक लाल झालं.

त्याने ओळखपत्र दाखवलं, मग लाथ मारली. फाटक हललं नाही.

द्वारकाबाईंनी डब्यात उरलेला एक अनारसा पुढे केला.

"वाण घ्या, जावईबापू. आता वर्षभर शैला आपल्या दोघांनाही दिसायची नाही."