चतुराबाईंचा ब्लॅकआऊट

विंगेत उभ्या निकितानं एकदम कपाळावर हात मारला. समोर बाजाराचा सीन रंगात आलाय, लोक खदाखदा हसतायत, आणि हिची ट्यूब आत्ता पेटली. हा सीन संपला की ब्लॅकआऊट! अख्खं थिएटर काळंकुट्ट होणार. आणि त्या अंधारात स्टेजच्या मधोमध, एकट्या, चतुराबाई बसलेल्या असणार.

अहो, चतुराबाई! लासलगावला एका व्यापाऱ्याच्या कांद्याच्या गोदामात कामाला होत्या. एका संध्याकाळी गोण्यांची थप्पी अंगावर कोसळली. कुणाला पत्ताच नाही. शटर ओढलं, सगळे घरी गेले. बाई सकाळपर्यंत गोण्यांखाली, काळोखात. हाडं जुळली नंतर, पण अंधार मात्र मनात बसला तो बसलाच. घरातली लाईट गेली की थरथर सुटायची, श्वास अडकायचा. बाथरूमचं दारसुद्धा लावायच्या नाहीत.

आणि निकिताचं कामच मुळी अशा माणसांचं. लग्नाकार्यात कुणी विचारलं, "तू नक्की करतेस काय गं?" तर ती सांगायची, "चित्रं काढते, नाटकं उभी करते आणि घाबरलेल्या माणसांसोबत बसते." मग समोरचा म्हणायचा, "हो का? पण नोकरी कुठे?" तर गंगापूर रोडच्या एका हॉलमध्ये ती अशा बारा-पंधरा जणांना जमवून चित्रं काढून घ्यायची. त्या चित्रांतूनच हे नाटक उभं राहिलं. त्यांनीच लिहिलं, त्यांनीच रंगवलं, तेच करतायत.

मग एवढी मोठी चूक झाली कशी? तर तालमी सगळ्या त्या हॉलमध्ये, ट्यूबलाईटखाली. तिथे अंधार कुठून आणणार? निकिता नुसती ओरडायची, "ब्लॅकआऊट!" की बाकीचे आपापली टोपली उचलून विंगेत, आणि चतुराबाई मधल्या स्टुलावर. लख्ख उजेडात. कधीकधी तर चहा पीत. त्यांना तो शब्द म्हणजे स्टुलावर बसायची खूण. निकितालाही तो इतका सवयीचा, की त्याचा अर्थ अंधार होतो हेच ती विसरली. थिएटर मिळालं आज सकाळी. दिवे लावण्यातच दिवस गेला. दिव्यांसकट तालीम झालीच नाही.

लाईटवाल्या अश्विनला गाठायला तिनं हेडसेट तोंडाशी ओढला. "अश्विन! पुढचा ब्लॅकआऊट घेऊ नकोस! अश्विन, ऐकतोयस ना?"

नुसती खरखर. फोन करावा तर प्रयोगाआधी सगळ्यांचे फोन तिनंच पिशवीत गोळा केलेले, अश्विनचासुद्धा!

मग काय, पळत सुटली. लाईटची केबिन पार शेवटच्या रांगेच्या मागे. बाजूच्या पॅसेजमधून चप्पल हातात घेऊन पळतेय, आणि कानात मनालीचा आवाज. मनाली म्हणजे चतुराबाईंची लेक, आज पहिल्या रांगेत बसलेली. दुपारीच म्हणाली होती, "ताई, मोठ्या मुश्किलीनं आई माणसांत आलीय. पुन्हा तसं काही झालं ना, तर मला नाही झेपायचं."

निकितानं प्रेक्षागृहाचं मागचं दार ढकललं, आत पाय टाकला, आणि दिवे गेले.

सगळे.

हा अंधार फक्त टोपल्या उचलेपर्यंतचा. एक श्वास घ्यायचा, सोडायचा, उजेड. निकितानं श्वास घेतला. सोडला. उजेड नाही. पुन्हा घेतला. नाहीच! बोर्ड अडकला? फ्यूज गेला? स्टेजवरून धापा ऐकू यायला लागल्या. जोरजोरात, तुटत तुटत. प्रेक्षकांतून कुणीतरी शिट्टी मारली. "ओ लाईटवाले, बिल भरलं नाय का?" काहीजण हसले. आणि पुढून मनालीची किंकाळी, "आई!"

निकितानं दाराची चौकट घट्ट धरली. मी केलं हे. माझ्या हातानं मी या बाईला पुन्हा गोण्यांखाली नेऊन घातलं.

आणि मग स्टेजवरून आवाज आला. घोगरा, फाटलेला, अख्ख्या थिएटरात घुमला.

"लाव!"

खाडकन उजेड.

चतुराबाई स्टुलावर नव्हत्या. उभ्या होत्या. घामानं भिजलेल्या, पदर मुठीत आवळलेला. पण उभ्या! त्यांनी वरच्या दिव्यांकडे बघितलं, ओठ पुसले आणि पुढचं वाक्य म्हटलं. जसंच्या तसं. टाळ्या पडल्या, लोकांना वाटलं नाटकच आहे.

निकिता केबिनमध्ये जाऊन धडकली. "अरे, वेड लागलंय का तुला? केवढा वेळ! मेली असती ती बाई!"

"हळू बोल गं, प्रयोग चालू आहे." अश्विनचा हात बोर्डावरच होता, तोही घामेजलेला. "तू दुपारी पडदा रंगवत होतीस ना, तेव्हा मावशी वर आल्या. म्हणाल्या, ते बलाकआऊट म्हंजे काय करतो रे भाऊ? मी करून दाखवला, तर मटकन खाली बसल्या. म्हटलं, मावशी, काढून टाकतो. तर माझा हात धरला. म्हणाल्या, काढू नको. फक्त मी वरडल्याबिगर दिवा लावायचा नाय. अन् मॅडमला सांगू नको, त्या लय भितात."

"पण कशासाठी, अश्विन?"

"मीही विचारलं. म्हणाल्या, त्या राती सकाळपोतर वरडले, कुणी दिवा लावला नाय. माझ्या वरडन्यानं उजेड पडतो का, एकदा बघू दे."