मोठ्या खिडकीचा फोटो

कळंबच्या शाळेत शिकवणाऱ्या सुलोचनाबाईंना त्यांच्या भावानं सोलापूरहून कॅमेरा धाडला, ते साल होतं बासष्ट. गावातले फोटोग्राफर वीरभद्रप्पा, म्हणजे सगळ्यांचे अप्पा, यांनी त्यांना मोठ्या हौसेनं शिकवलं. "बाई, भिंगातली ही खिडकी बारीक ठेवली, तर मागचं झाडसुद्धा पान न् पान दिसतं. मोठी उघडली, की जवळचं माणूस तेवढं ठळक अन् मागचं सगळं धुकट."

सुलोचनाबाईंच्या सासूचा आजवर एकही फोटो निघाला नव्हता. बाईंनी त्यांना भर उन्हात अंगणात खुर्चीवर बसवलं. एक फोटो बारीक खिडकीनं काढला, एक मोठ्या.

आठ दिवसांनी अप्पांनी दोन्ही फोटो धुऊन हातात ठेवले. पहिल्यात सासूबाईंच्या मागची विहीर, बाभळ, सगळं लख्ख आलं होतं आणि विहिरीजवळ कुणीच नव्हतं. दुसऱ्यात सासूबाई तोंडभर हसत होत्या, आणि मागचं सगळं धुकट झालं होतं. फक्त विहिरीजवळ उभी असलेली एक बाई धुकट नव्हती. एवढ्या लांबून तिच्या नथीतले मोती मोजता येत होते.

"असं येतच न्हाय," अप्पा पुटपुटले.

घरी फोटो पाहून सासूबाई हरखल्या. "लई झाक आलाय गं."

"आत्याबाई, ही मागं कोण?"

सासूबाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "ही व्हय? ही तर तुझ्या पाठीमागं उभी होती. तिनंच तर मला हसवलं."