मित्रांसाठी घेतलेल्या प्रती

हिल्मीने आपल्या गाळ्यातल्या फळीखालून पुस्तक काढून नाहेदच्या हातात ठेवलं. "घ्या, आणखी एक. या वेळी शौकत डॉक्टरांना दिलेलं."

नाहेदने पहिलं पान उघडलं. कवी वस्फी उस्तादांचंच अक्षर. 'शौकत, तू कॉफीला येत नाहीस, म्हणून मीच आलो.' पानांतून चिमूटभर वाळू पडली आणि सब्जाची एक वाळकी काडी.

"मेल्यांना लाज कशी वाटत नाही? परवा त्या इफ्फतबाईंनी विकायला काढलं, आज यांनी. आणून कोण देतं रे?"

"असतो एक म्हातारा. पाय धुळीने भरलेले असतात. मी कशाला विचारू?"

तिने पैसे दिले आणि प्रत पिशवीत कोंबली. दर शुक्रवारी उस्ताद या जुन्या पुस्तकांच्या गाळ्यांवरून फिरत. त्यांना हे दिसलं असतं, तर माणूस पार खचला असता.

कैरोत कवितेचं पुस्तक काढायचं तर छपाईचा खर्च कवीनेच द्यायचा, अशी रीतच आहे. वस्फी निवृत्त शाळामास्तर, त्यांचा पहिला संग्रह छापताना नाहेदने काही घेतलं नव्हतं. दुकानांतून एक प्रत हलेना. उस्तादच अधूनमधून येऊन तीन-चार प्रती रोख घेऊन जात. मित्रांसाठी आहेत म्हणत, त्या बिचाऱ्यांच्याने आता जिने चढवत नाहीत. त्या पैशांवर तिच्या दोन खोल्यांच्या प्रकाशनाचा दिवा तेवत होता.

आता त्यांनी दुसरा संग्रह आणून दिला होता, मित्रांना हाही द्यायचाय म्हणून. छापावा तर भाडं तुंबणार, प्रकाशन बुडणार. नाही म्हणावं तर ते कारण विचारणार. तुमचे मित्र तुमचं पुस्तक रद्दीत काढतात, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? नाहेदचा जीव तुटत होता.

ईदच्या सकाळी उस्तादांचा गुडघा धरला. पिशवी उचलायला येतेस का, त्यांनी विचारलं. मित्रांकडेच जायचं होतं. नाहेद एका पायावर तयार झाली. एकेकाला बाजूला घेऊन असं झापायचं, की पुन्हा पुस्तक विकायची छाती होणार नाही.

टॅक्सीत उस्ताद खुशीत होते. मांडीवर गोड पावांची टोपली, वर सब्जाची जुडी. शौकत फार चोखंदळ, एक ओळ सैल खपवून घ्यायचा नाही, म्हणाले. इफ्फत मात्र सगळ्यालाच वाहवा करायची.

"वाचतात तरी का हो ते?" नाहेदला राहवलं नाही.

"आता त्यांना वेळच वेळ आहे, पोरी."

टॅक्सी थांबली. दारातला म्हातारा खराटा टाकून उठला आणि आपल्या धुळकट पायांनी पुढे येऊन त्याने उस्तादांना सलाम केला. नाहेद त्या पायांकडे बघतच राहिली.

उस्तादांनी पिशवीतली पहिली प्रत काढली, तिच्यावर सब्जाची काडी ठेवली.

"शौकत, ही नाहेद," ते हळूच म्हणाले. "हिनेच छापलं."

आणि गुडघा सावरत खाली बसून त्यांनी ती प्रत डॉक्टरांच्या कबरीवर ठेवली.