उंचवट्यावरची मुलं

नोलीन गिलफेडर ऑकलंडहून परतली तेव्हा तिचे वडील अल्फ व्हरांड्यात ब्लँकेट गुंडाळून बसले होते आणि शेजारची माओरी बाई, रिपेका आंटी, त्यांना घरी भाजलेल्या पावाचे बारीक तुकडे भरवत होती. डॉक्टरांनी दोन आठवडे सांगितले होते. त्यातले पाच दिवस गेले होते.

"मिळाला का पुरावा?" अल्फनी विचारलं.

"नोंद मिळाली."

"मग तोंड असं का? लग्नाच्या फोटोत तुझ्या आईचं आहे तसं."

रिपेका हसली. नोलीन पायरीवरच उभी राहिली.

व्हरांड्यातून कुरणातला उंचवटा समोर दिसे. त्याभोवती पांढरं लाकडी कुंपण, आत तीन बुटके क्रूस. गिलफेडरांच्या घरात पाच पिढ्या सांगत आलेली गोष्ट छोटी होती. थॉमस गिलफेडर आयर्लंडहून शिपाई म्हणून आला, न्यूझीलंडच्या मूळच्या माओरी लोकांविरुद्धच्या युद्धात लढला. त्यांच्याकडून घेतलेल्या जमिनीतली पन्नास एकर त्याला बक्षीस मिळाली, आणि गोवरानं गेलेली त्याची तीन मुलं त्या उंचवट्यावर आहेत. अल्फ सतरा वर्षांचे असल्यापासून दर नाताळाआधी कुंपण रंगवत आले होते. त्यांना त्याच कुंपणाच्या आत जायचं होतं. घरच्या जमिनीत पुरायचं तर तिथे घरचीच माणसं आधी पुरलेली आहेत, हे जिल्ह्याच्या कचेरीला दाखवावं लागे. तेवढ्यासाठी नोलीन चर्चच्या जुन्या नोंदवह्या उलटत होती.

"बाबा, ती तिघं इथे नाहीत," ती म्हणाली. "ओनेहुंगाला आहेत, चर्चच्या मागे. जेम्स, ब्रिजेट आणि एक बिननावाचं. एकाच आठवड्यात गेली. थॉमसची सही आहे नोंदीवर. ही जमीन मिळाली त्याच्या आदल्या वर्षीची."

"पाद्र्यानं चूक केली असेल. पीत असतील लेकाचे."

"दगड पाहून आले मी. तिघंही आहेत त्यावर."

अल्फनी तोंडातला तुकडा चावणं थांबवलं. त्यांनी कुरणाकडे पाहिलं.

"मग एकाहत्तर वर्षं मी रंग देतोय तो कुणाला?"

रिपेकानं ताटली खाली ठेवली.

"आमच्या लोकांना," ती म्हणाली.

दोघंही तिच्याकडे वळले. ती नेहमीच्याच आवाजात बोलली, दुधाचा भाव सांगावा तसं. "तिथे आमची वस्ती होती. पुरुष नदीपलीकडे लढत होते. बायकांनी पोरं प्रार्थनेच्या घरात नेऊन ठेवली, तिथे कुणी हात लावणार नाही म्हणून. शिपाई आले आणि घर पेटलं. कसं पेटलं ते आजीनं कधी सांगितलं नाही. आत अकरा पोरं होती."

"तू कुरणातून येतेस तेव्हा नळावर हात धुतेस," अल्फ म्हणाले. "मला वाटायचं, माझ्या तिघांसाठी."

"मेलेल्यांपासून आलं की आम्ही धुतोच. पण तुझ्या तिघांसाठी नाही."

"आयुष्यभर शेजारी राहिलीस. माझ्या बायकोच्या मातीला सगळ्यांत आधी आलीस. आणि एक शब्द बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तुझ्या बापानं कुंपण उपटून मका पेरला असता. तुमची पोरं म्हणून नांगर लांब राहिला. आमची म्हटल्यावर राहिला असता?"

अल्फ आपल्या बापाला ओळखून होते.

"पण आंटी, थॉमसनं खोटं का सांगितलं?" नोलीननं विचारलं. "आपली मुलं कुठे पुरली हे बाप विसरतो का?"

"खोटं काय त्यात? तिथे पोरं आहेत म्हणाला. पोरंच आहेत. सगळ्यांत मोठी नऊ वर्षांची होती."

"म्हणजे तो तेव्हा इथे होता?"

"ते तुझ्या वह्यांना विचार, बाई. वह्या तुम्हा लोकांच्या."

नोलीनच्या पिशवीत दुसराही एक कागद होता, थॉमसच्या तुकडीच्या नदीवरच्या लढाईतल्या हजेरीची नक्कल, आणि तीत त्याचं नाव होतं. तिनं पिशवीची चेन ओढून घेतली.

वाऱ्यानं ब्लँकेटचं टोक उडालं. रिपेकानं ते अल्फच्या पायाखाली नीट खोचलं. त्यांनी तिचं मनगट धरलं. पकडीत जोर राहिला नव्हता.

"रिपेका, कचेरी आता माझं ऐकणार नाही. तुमच्या लोकांचं ऐकेल. तू हो म्हण. क्रूस काढून टाका माझ्या घरचे, तुमची नावं लावा. मला कुंपणाच्या आत नुसता एक कोपरा द्या. बघ ना, पुरण्याइतका तरी उरलोय का मी?"

"बाबा, नका," नोलीन म्हणाली.

"तू गप्प बस. मी तिला विचारतोय."

रिपेकानं मनगट सोडवून घेतलं नाही. दुसऱ्या हातानं तिनं त्यांच्या हनुवटीवरचा पावाचा चुरा पुसला.

"तू चांगला माणूस आहेस, अल्फ," ती म्हणाली. "पण ती लहान आहेत. गिलफेडर आला म्हटलं की घाबरतील."