दिवा विझेपर्यंत

"काकाजी, ही गाडी बाहेर कितीक नेता?" स्कॅनरच्या पडद्यावरची नजर न काढता संघपालनं विचारलं.

"रोज चालू करतो ना बापा! एक दिवस खाडा नाही," तेजराम छाती काढून म्हणाला.

"तसं नाही. जाता कुठं?"

तेजराम आरशावरची धूळ बाहीनं पुसायला लागला. भंडाऱ्याजवळ शहापूरच्या हायवेलगत संघपालच्या गॅरेजसमोर त्याचं मोटरहोम उभं होतं. आत गॅसची शेगडी, भांडी घासायला छोटं बेसिन, मागं दोघांपुरती गादी. सकाळपासून डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला होता आणि पाय कितीही दाबला तरी गाडी कण्हत कण्हत चालत होती.

चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत तेजराम पंप ऑपरेटर होता. जमिनीखालचा जास्तीचा पंप गरज नसली तरी रोज थोडा वेळ फिरवून ठेवायचा, नाही तर ऐन वेळी तो दगा देणार आणि खाणीत पाणी चढणार. रिटायर झाल्यावर घेतलेल्या या गाडीलाही त्यानं तोच नेम लावला. रोज सकाळी अंगणात उभ्या उभ्या इंजिन घुरघुरायचं, तेजराम डोळे मिटून ऐकायचा आणि समाधानानं किल्ली फिरवून बंद करायचा. इतकी काळजी त्यानं आपल्या बायकोची, लीलाबाईचीही कधी घेतली नसेल.

"तिथंच गडबड झाली," संघपाल म्हणाला. "सायलेन्सरच्या लाइनीत एक फिल्टर असते. धुरातली काजळी धरून ठेवते. गाडी रस्त्यानं पळली का ते तापते, आन काजळी जळून जाते. उभ्या गाडीत तापतच नाही. नुसतं भरून राहिलं ते."

"म्हंजे मी जपली म्हून बिघडली?"

"तसंच समजा. हे काही उभी ठेवाची गाडी नाही, काकाजी."

"कवापासून मी तेच सांगून राहिली ना," आतून लीलाबाईचा आवाज आला.

ती शेगडीपाशी उभी होती. खिडक्यांचे पोपटी पडदे तिनंच शिवले होते. गादीवरचं दुकानातलं प्लास्टिक मात्र अजून तसंच होतं, कारण काढलं तर गादी मळेल असं तेजरामचं म्हणणं. लीलाबाईची इच्छा काही फार मोठी नव्हती. एकदा कुठल्या तरी अनोळखी गावाबाहेर, झाडाखाली जाग यावी. या शेगडीवर चहा ठेवावा. आणि आजूबाजूला आपल्याला ओळखणारं कुणीसुद्धा नसावं. तेजराम दरवेळी हो म्हणायचा. रोवणा झाला की जाऊ. धान निसवलं की जाऊ. कापणी झाली की जाऊ. आता कापणीही झाली होती, तर म्हणे लाखोरीचं पीक निघू दे. एकटी असली की लीलाबाई गाडीत येऊन बसायची, पडद्याची चुणी सारखी करायची आणि तिला रडू यायचं. हे तेजरामला ठाऊक नव्हतं.

"आता असं करा," संघपालनं बोनेट खाली टाकलं. "साकोलीच्या रस्त्यानं घ्या. एका चालीनं चालवा. दिवा विझेपर्यंत थांबाचं नाही, बंद कराची नाही. विझला का या वापस."

"विझला का वापस," तेजरामनं घोकलं.

त्याला लांबचं लख्ख दिसायचं, जवळचं मात्र चष्म्याशिवाय नुसतं धूसर. गाडी चालवताना चष्मा लावला की गरगरतं, म्हणून तो शर्टाच्या खिशात असायचा. तेव्हा दिव्याकडं बघायचं काम लीलाबाईकडं आलं. ती शेजारच्या सीटवर पाय वर घेऊन बसली.

भंडारा मागं पडेपर्यंत गाडी कुंथत होती. मग हळूहळू मोकळी झाली. पडदे हलायला लागले, कपाटातली भांडी वाजायला लागली. ती भांडी वाजतात हे लीलाबाईला आजच कळलं.

"कायचा वास येऊन राहिला वो?" तेजरामनं विचारलं.

"जळून राहिलं ना जी. इतक्या दिवसाचं साचलं होतं."

लाखनीच्या पुलावर दिवा विझला. ना आवाज, ना काही. आत्ता होता, आत्ता नाही. लीलाबाईनं बाहेर पाहिलं. धानाच्या रिकाम्या बांध्यांवर ऊन पडलं होतं. पूल उतरल्यावर गाडी वळवायला जागा होती, आणि तेजरामनं वेग कमी केला.

"विझला का?"

तोंडाशी आलेला हो तिनं गिळला.

"नाही जी. जळूनच राहिला."

वळायची जागा मागं गेली. साकोली आली. बस स्टँडची गर्दी, दुकानं, आणि साकोलीही गेली.

"अजून?"

"अजून."

"लयच भरलं होतं म्हंजे."

"लय," लीलाबाई म्हणाली. तिला त्याच्याकडं बघायचा धीर होत नव्हता.

दोन्ही बाजूंना जंगल सुरू झालं. तेजरामचा हात स्टिअरिंगवरून सुटला आणि शर्टाच्या खिशाकडं गेला. चष्म्याची काडी त्याच्या बोटांत आली. लीलाबाईनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. संपलं, तिला वाटलं. आता वळवणार.

काडी बोटांत तशीच राहिली. मग तेजरामनं चष्मा खिशात आणखी खाली ढकलला आणि हात परत स्टिअरिंगवर ठेवला.

"मांगं जाय," समोरच्या रस्त्याकडं बघत तो म्हणाला. "त्या गादीवरचं प्लास्टिक काढून टाक. रातच्यानं करकर वाजन."